याकोबासाठीही मंडळीने प्रार्थना केलीच असेल

(कोल्हापुरात दिलेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधुभगिनींनो, देव प्रार्थनेला उत्तर देतो का, हा आजचा विषय. देतो, असं मी मनापासून मानतो. पण तो कसं देतो हे बघायला मी पवित्र शास्त्रातला एक अवघड अध्याय घेणार आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारावा.

यरुशलेमेत हेरोद अग्रिप्पाचं राज्य आहे. इसवी सन 41 ते 44 चा हा काळ. लोकांची मर्जी राखायला तो मंडळीच्या, म्हणजे येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या, मागे लागतो आणि योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारून टाकतो. शास्त्रात याला एकच ओळ आहे. लगेच पेत्राला धरतात. चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्याला, दोन्ही बाजूंना शिपाई, हातात साखळ्या. मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत असते. रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो.

पेत्राची सुटका आपण संडे स्कूलमध्ये मुलांना रंगवून सांगतो. याकोबाच्या ओळीवरून मात्र भरभर पुढे जातो. दोघंही गालील समुद्रावरचे कोळी, धंद्यातले भागीदार, येशूच्या अगदी जवळचे. जी मंडळी पेत्रासाठी जागली, ती याकोबासाठी गप्प बसली असेल असं मला वाटत नाही. एक सुटला, एक गेला. आणि लूक, ज्याने हे लिहिलं, तो कारण देत नाही. याकोबाचं काही चुकलं होतं असं म्हणत नाही, आणि पेत्राचा विश्वास जास्त होता असंही म्हणत नाही.

विश्वासाचंच बघायचं तर पुढे बघा. पेत्र सुटून योहान मार्काच्या आईच्या घरी येतो, दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आत सगळे प्रार्थनेला बसलेत. ती सांगते, पेत्र दारात उभा आहे. ते म्हणतात, तुला वेड लागलंय! ज्याच्यासाठी गुडघे टेकलेत तोच बाहेर उभा आहे, आणि यांना ते खरं वाटत नाही. तरी देवाने त्यांचं ऐकलं होतं. ‘तुमचा विश्वास कमी पडला म्हणून उत्तर आलं नाही’ असं कुणी तुम्हाला सुनावलं, तर त्याला हा अध्याय वाचायला द्या.

हे मी उगाच काढत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. घरातून घरात एकच प्रश्न होता, ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर?’ 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि पाणी 55 च्याही वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहरात दुधाची आणि पेट्रोलची टंचाई. आंबेवाडी, चिखली पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर उपासनेत साक्षी झाल्या. ‘प्रभूने आमचं घर राखलं.’ खरंच राखलं, आणि त्याचे आभार मानायलाच हवेत. पण मागच्या बाकावर एखादी बाई बसलेली असते, जिच्या मातीच्या भिंती त्याच रात्री खचल्या. तिनेही तीच प्रार्थना केली होती. आपली साक्ष तिच्या कानावर काय म्हणून पडते, याचा विचार आपण करतो का? पुढे कुणीतरी हळूच म्हणतंही, ‘त्यांच्या घरात प्रार्थना कमी होती.’ हे बोलणं क्रूर आहे, आणि शास्त्राला धरून तर मुळीच नाही.

देवाचं उत्तर कुठल्या वाटेने येतं, याकडेही नीट बघायला हवं. शौल, म्हणजे पुढचा पौल, दिमिष्कात आंधळा होऊन तीन दिवस प्रार्थना करत बसला होता. देव त्याचे डोळे तिथेच उघडू शकला असता. त्याने तिथल्याच हनन्या नावाच्या शिष्याला उठवलं. हनन्या घाबरला, या माणसाने तुझ्या लोकांचा किती छळ केलाय, असं प्रभूलाच सांगू लागला. तरी गेला, त्याच्यावर हात ठेवले आणि म्हणाला, ‘शौल भाऊ.’ शौलाच्या प्रार्थनेचं उत्तर एका भेदरलेल्या माणसाच्या पायांनी चालत आलं. महापुरातही असंच झालं. होड्या घेऊन गेलेली पोरं आणि रात्री भाकऱ्या थापणाऱ्या बायका आपल्या मंडळीतल्या होत्या का, हे कुणी विचारलं नाही. मिरजेत 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचा दवाखाना उभा केला, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं, असं शिकवणारे आजही भेटतात. त्यांचं ऐकू नका. डॉक्टरचा हातही देवाच्याच कामाला येतो.

आणि बदल नेहमी बाहेर आधी दिसतो असंही नाही. हन्ना शिलोच्या मंदिरात मुलासाठी रडली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. याजक एलीला वाटलं ही प्यायली आहे. ती प्रार्थना करून उठली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातही नव्हता! तिच्या मनातलं ओझं कुणीतरी घेतलं होतं, ते मात्र तेव्हाच घडलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या मातीतलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी प्रार्थनेवर चालवलं. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडलं नाही. 1922 मध्ये त्या गेल्या. अशा बाईच्या प्रार्थना ऐकल्या गेल्या नाहीत, असं म्हणायचं धाडस मला होत नाही.

शेवटी प्रभूचीच प्रार्थना बघा. गेथशेमाने बागेत तो म्हणाला, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण. तो प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ. आणि इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय सांगतो की त्याने आक्रोश करून, अश्रू गाळून केलेली ती विनवणी ऐकण्यात आली. मी हे पुष्कळदा वाचलंय आणि दर वेळी थांबतो. ऐकण्यात आली, तरी तो मेला. बापाने त्याला मरणापासून दूर ठेवलं नाही, मरणातून उठवलं. आमची सगळी आशा एवढ्यावरच उभी आहे. याकोबाचीही होती, ‘माझा प्याला तुम्ही प्याल’ हे प्रभूने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून पाळकांना आणि पंचांना माझी एक विनंती आहे. साक्षीच्या वेळी ज्यांचं घर वाचलं त्यांना जरूर बोलू द्या. पण ज्यांचं गेलं त्यांनाही उभं राहून रडायला, देवाशी भांडायला जागा द्या. आपल्या शास्त्रात अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, कुठेही आभार नाहीत. तरी ते प्रार्थना म्हणूनच ठेवलेलं आहे. ते उपासनेत मोठ्याने वाचा, आणि वाचून झाल्यावर घाईने आनंदाचं गाणं सुरू करू नका.