डायलिसिसवरचा माणूस आणि त्याचा खुबा
(इंदूरमधल्या मराठी ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी कुणीतरी डायलिसिसवर आहे. तुम्ही क्रिएटिनिन विचारता, हिमोग्लोबिन विचारता. खुब्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही, म्हणून आज तोच विषय घेतला.

2000 साली अमेरिकेतल्या डायलिसिसच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात खुबा मोडण्याचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त निघालं. एरवी हे दुखणं आपण म्हाताऱ्या बायकांचं समजतो. इथे ही वाढ पुरुषांतही तितकीच होती. आणि खुबा मोडलेल्या अशा रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास वर्षभरात दगावतात. हे ऐकायला कठीण आहे, पण लपवून उपयोग नाही.

असं का होतं? किडनी रक्त गाळते हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्हिटॅमिन डी शरीराला वापरता येईल अशा रूपात आणण्याचं शेवटचं कामही मुख्यतः तीच करते. ती थकली की कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, फॉस्फरस साठत जातो आणि मानेतल्या चार छोट्या ग्रंथी पीटीएच हे संप्रेरक भरमसाट सोडू लागतात. ते हाडांतून कॅल्शियम ओढून काढतं. काहींच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं, हाडांची झीज आणि भर दोन्ही जवळजवळ थांबतात. दोघांचीही हाडं ठिसूळच, पण औषध अगदी वेगळं. म्हणून शेजारच्या काकूंना लागू पडलेलं हाडांचं इंजेक्शन आपल्या माणसाला देऊ नका. डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन डायलिसिसच्या रुग्णांत कॅल्शियम जीवघेणं खाली आणू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी 2024 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅल्शियमची गोळीसुद्धा नको.

पण हाड ठिसूळ असलं तरी बहुतेकदा मोडतं ते पडल्यामुळेच. आणि पडणं बऱ्याच अंशी टाळता येतं, म्हणून माझा सगळा आग्रह इथे आहे. आपल्या इंदुरात पोह्यांवर सेव नसेल तर घास उतरत नाही. सेवेतल्या मिठाने तहान लागते, पाणी जास्त पोटात जातं, दोन डायलिसिसच्या मधे वजन वाढतं. मग मशीनला चार तासांत तेवढं सगळं पाणी ओढावं लागतं आणि बीपी पडतं. त्यात मधुमेहाने पावलं बधिर झालेली, नजर अधू, रात्री झोपेची गोळी. असा माणूस घरी येतो, थकून पडतो आणि संध्याकाळी बाथरूमला जायला एकदम उठतो.

तेव्हा डायलिसिस संपल्यावर उभं राहून बीपी मोजून घ्या. चक्कर येत असेल तर तिथेच बसा, परत मोजा. त्या दिवशी स्कूटर नको, सोबत कुणीतरी हवं. वडील ‘मी काही लहान नाही’ म्हणतील. तरीही सोबत जा. कमोडशेजारी आधाराचा दांडा बसवा, रात्री वाटेतला दिवा चालू ठेवा. वारंवार बीपी पडत असेल तर ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, आणि बीपीच्या गोळ्यांची वेळ पुन्हा तपासायला सांगा.

इतकं करूनही पडलेच, तर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. पण नेहमीच नाही. नुसती चीर असेल तर माणूस चार पावलं चालतोही, दुखणं जांघेत किंवा गुडघ्यात सांगतो, पहिला एक्स-रेसुद्धा साफ येऊ शकतो. दुखणं थांबत नसेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा आग्रह धरा.

‘किडनी गेलेल्याचं ऑपरेशन कसं करणार?’ म्हणून घरचेच मागे हटतात, हे मला फार सलतं. धोका आहेच. पण अंथरुणाला खिळून राहण्यात न्यूमोनिया आहे, पाठीला जखमा आहेत. पोटॅशियम आटोक्यात आणून, गरज पडल्यास हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशिवाय डायलिसिस करून शस्त्रक्रिया करता येते आणि शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी. हाडांचे आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी बोलले आहेत ना, हे तुम्ही विचारा.

इमर्जन्सीत पोचल्याबरोबर सांगा: शेवटचं डायलिसिस कधी झालं, ड्राय वेट किती, फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, कोणत्या हातात आहे. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू देऊ नका, सलाइनची सुई लावू देऊ नका. दुखतंय म्हणून मॉर्फिन देणार असतील तर रुग्ण डायलिसिसवर आहे हे आधी सांगा, कारण त्याचे अंश शरीरात साठतात आणि श्वास मंदावू शकतो.