बसलोय की!

मंडळी, पत्रिकेवर छापलंय ‘मराठीतील निष्क्रियतावाचक शब्द’. मथळा माझा नाही. निष्क्रियता हा शब्द मी कागदावर पुष्कळदा वाचलाय, सोलापुरात कुणाच्या तोंडी मात्र ऐकलेला नाही. मे महिन्यात दुपारी तीनला, पारा ४०च्या पुढे गेलेला असताना, नवी पेठेतल्या एखाद्या दुकानाच्या फळीवर डोक्याखाली हात घेऊन आडव्या झालेल्या माणसाला विचारा, काय चाललंय? तो म्हणतो, “काय नाय, बसलोय की.” पडलेला माणूसही बसलेलाच असतो. आपण तिथूनच सुरू करू.

मराठीत न हलणाऱ्या वस्तूलाही अंग असतं. गाडी उभी असते, धंदा बसतो, माल पडून राहतो. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात, पण नाहीत. उभी असलेली गाडी आत्ता निघेल. बसलेल्या धंद्याला कुणीतरी उठवावं लागेल. आणि जे पडून आहे त्याच्याकडे कुणी बघतच नाही. माझा एक अर्ज एका कार्यालयात होता. पहिल्या महिन्यात कारकून म्हणाले, साहेबांच्या टेबलावर आहे. दुसऱ्या महिन्यात, सहीसाठी थांबलाय. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मान वर न करता सांगितलं, “पडून आहे.” मी लगेच नवा अर्ज लिहायला घेतला. भाषेनं मला निकाल दिला होता.

उभं राहण्यावरून जाता जाता सांगतो. आपण म्हणतो, “कुठं उभारलायस बे?” पुण्याचा माणूस हे ऐकून हसतो, कारण त्याच्याकडे मंडप उभारतात, निधी उभारतात, माणूस उभा राहतो. माझं म्हणणं, आपलंच बरोबर आहे. चौकात तासभर ताटकळणारा माणूस हेही एक बांधकामच आहे.

आता जरा जड भागाकडे येऊ. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी गिरणी पुढे बंद पडली, हे तुम्ही सगळे म्हणता. ‘पडली’ म्हणता. आंबा पडतो, पाऊस पडतो, तशी गिरणी बंद पडते. कुणी बंद केली ते त्या क्रियापदात येतच नाही. मजुरांनी हात थांबवले की त्याला संप हे नाव आहे, मालकानं दार लावलं की टाळेबंदी. दोन्हींत करणारा दिसतो. ‘बंद पडली’मध्ये सगळे पाहुणे.

माझे वडील गिरणीत मागावर होते. कोणत्या, ते राहू द्या. ती बंद पडल्यावर आमच्या घरात ‘बेकार’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. दारी कुणी आलं की आई म्हणायची, “घरी आहेत.” पूर्वी ते घरी असले की ती म्हणायची, “आज सुट्टी आहे.” एवढाच फरक. तेव्हा कळलं नाही. फारसीतल्या ‘बेकार’चा सरळ अर्थ काम नसलेला एवढाच, पण आपण सिनेमालाही बेकार म्हणतो आणि नासक्या भाजीलाही. आईला तो शब्द का नको होता, ते उघड आहे.

‘ऐदी’चं तसंच झालं. मूळ शब्द अहदी. अकबराच्या काळात हे घोडेस्वार कुणा सरदाराच्या हाताखाली नसत, थेट बादशहाचे चाकर. हुकूम आला की निघायचं, नाही आला की बसायचं. त्यांच्या त्या बसण्यावरून ‘आळशी’ हा अर्थ आला. हुकमाची वाट बघणारा माणूस लांबून आळशीच दिसतो.

उलट बाजूही आहे. हरताळ म्हणजे हट्ट, बाजार, त्याला ताळं. १९३०च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली, त्या आठवड्यात या गावानं ताळं लावलं. पुढे गोळीबार झाला, जाळपोळ झाली, आणि सरकारला इतकी धास्ती बसली की १२ मेपासून ३० जूनपर्यंत इथे मार्शल लॉ होता. त्या प्रकरणात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचं तुम्हाला मी काय सांगणार.

बरं, भिजत घोंगडं. हा वाक्प्रचार रोज वापरता, पण ओलं घोंगडं उचललंय कुणी? सांगोल्याकडे एकदा मी हौसेनं हात लावला. लोकर पाणी पिऊन बसलेली, दोघांनाही धड पिळता येईना, आणि टांगलं तर दोरी जमिनीला टेकली. ते विणणाऱ्या बाई म्हणाल्या, “असू दे, निथळंल त्याचं त्यानं.” ताण्याला चिंचोक्याची खळ लावताना त्यांचा हात एक क्षण थांबत नव्हता. रखडलेल्या कामाला हे नाव ज्यानं दिलं, त्यानं घोंगडं स्वतः उचललं असणार.

शेवटचा शब्द माझा सगळ्यात लाडका. ‘उगी’. उगी बस म्हणजे गप्प, न हलता बस. पण ‘उगाच’ म्हणजे विनाकारण. गप्प असणं आणि कारण नसणं एका शब्दात कसं आलं? मला हे मराठीचंच खूळ वाटायचं. मग लक्षात आलं, आपल्या शेजारची कन्नड ‘सुम्मने’ म्हणते, त्यातही दोन्ही अर्थ: गप्प आणि उगाच. तेलुगूत ‘ऊरके’, तिथेही तेच, आणि गप्प राहा म्हणायला ‘ऊरुको’. तीन भाषा, आणि तिघींना वाटतं की स्वस्थ बसायला कारण लागत नाही. कोणी कोणाकडून घेतलं या वादात मी पडत नाही. सोलापुरात भिंती पातळ असतात.

आमच्या चाळीत पलीकडे एक तेलुगू बोलणारं पद्मशाली विणकर कुटुंब होतं. माझा धाकटा भाऊ रात्री रडायला लागला की आई त्याला थोपटत “उगी, उगी” म्हणायची. त्याचं थांबेना म्हणून पलीकडच्या आजी दारात यायच्या, त्याला घ्यायच्या आणि “ऊरुको, ऊरुको” करायच्या. थोड्या वेळानं आवाज बंद व्हायचा. दोघी मग दारातच बसायच्या, आणि वडील आतून विचारायचे, “झोपला का?” दोघींपैकी कुणीच उत्तर द्यायचं नाही.