एक ठासणीची रायफल आणि दारूचे तीन डबे

[दृश्य: नळीचं तोंड, अगदी जवळून. पितळी मापातून काळे दाणे आत पडतात.]

आधी दारू. मग तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी. मग गज, गोळी दारूवर घट्ट टेकेपर्यंत. कानात, म्हणजे नळीच्या भोकाशी असलेल्या वाटीत, चिमूटभर रंजक, म्हणजे ठिणगी पकडणारी बारीक दारू. घोडा मागे ओढला, चाप दाबला, चकमक पोलादावर आपटली...

[दृश्य: बार उडतो. संथ गती. आवाज पूर्ण.]

सिंधुदुर्गात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर जी ठासणीची बंदूक ठेवतात, तिचीच ही अमेरिकेतली बहीण. फरक नळीच्या आत आहे. हिच्या नळीत पिळाचे आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या परिसरात जर्मन वंशाच्या कारागिरांनी ही लांब नळीची रायफल घडवली.

[दृश्य: फ्रेंडशिपचं मैदान. नेमबाजांची रांग, सगळीकडे पांढरा धूर.]

हे इंडियाना राज्यातलं फ्रेंडशिप गाव. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान इथेच आहे. वर्षातून दोनदा देशभरचे ठासणीवाले इथे जमतात. बंदूक कुठली, गोळी कुठली, यावर त्यांचं पटकन जमतं. दारू कुठली, यावर मात्र दुपार सरते.

[दृश्य: लाकडी टेबल. तीन डबे. पांढऱ्या कागदावर दाण्यांच्या तीन ढिगुल्या.]

डावीकडे गोएक्स, अमेरिकेची. मधे शुएत्सेन, जर्मनीतल्या वानो कारखान्याची. उजवीकडे स्विस. ती स्वित्झर्लंडमध्ये ओबोन इथे तयार होते. तिथला दारूचा कारखाना १८५३चा.

डब्यावरचे एफ मोजायचे. एक एफ म्हणजे भरड दाणा, चार एफ म्हणजे बारीक, रंजकीचा. मधले दोन आणि तीन एफ रायफलीच्या नळीत जातात. आमच्या टेबलावर तिन्ही डबे तीन एफचे आहेत.

[दृश्य: दाणे आणखी जवळून.]

आता नीट बघा. गोएक्सचा दाणा कोनाकोनाचा, फोडलेल्या खडीसारखा. स्विसचा गोलसर, घोटलेला, त्यावर उजेड चमकतो. माप तेच भरलं तरी स्विस तराजूत जास्त भरते, कारण तिचे दाणे घट्ट दाबलेले असतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून त्याच मापाला तिची गोळी अधिक वेगानं जाते. एका डब्याचं माप दुसऱ्या डब्याला लावू नये, असं इथला प्रत्येक जुना नेमबाज नवख्याला सांगतो, आणि त्यात रेसभरही अतिशयोक्ती नाही. दारू बदलली की बनवणाऱ्याच्या तक्त्यावरून पुन्हा सुरुवात.

पण वेग हा या तुलनेतला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. कागदावरच्या निशाणाला वेग कळत नाही. त्याला कळतं ते सातत्य. आणि सातत्य ठरतं आधीच्या बारानं नळीत काय मागे ठेवलं त्यावर.

[दृश्य: गजाच्या टोकावर ओलसर चिंधी. नळीत जाते, बाहेर येते. तीन चिंध्या शेजारी शेजारी.]

काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो. उरलेला घन, धुरातून उडतो किंवा नळीला धरून बसतो. स्विसची चिंधी बघा, तपकिरी आणि ओलसर. काजळी मऊ राहिली आहे, पुढची गोळी त्याच जोरानं खाली जाईल. गोएक्सची चिंधी अधिक काळी, कोरडी. हवा कोरडी असेल तर ही काजळी खपलीसारखी धरते, आटे भरत जातात, आणि काही बारांनंतर गजावर दोन्ही हात लावावे लागतात. शुएत्सेन या दोघींच्या मधली.

[दृश्य: कोळशाचे तुकडे. एक बोटांत चुरला जातो.]

काळी दारू म्हणजे शोरा (पोटॅशियम नायट्रेट), गंधक आणि कोळसा. हा फरक कोळशातून येतो. शोरा तिघींतही तोच, गंधकही तोच. दोन्ही शुद्ध मिळतात, त्यांत फारसं डावं-उजवं राहिलेलं नाही. कोळसा मात्र झाडाचा असतो. स्विसवाले फ्रांगुला नावाच्या झुडपाचं हलकं लाकूड वापरतात. कोळसा किती भाजला, त्यात किती तेलकटपणा राहू दिला, आणि तो शोऱ्याबरोबर किती वेळ दळला गेला, यावर काजळी ओली राहणार की कोरडी हे ठरतं. पैसे जातात ते या वेळाचे आणि या लाकडाचे. माझ्या मते ते योग्य जागी जातात.

[दृश्य: ब्रँडीवाइन नदी. काठानं दगडी गिरण्या. पाणचक्कीचा पाट.]

हा वेळ डोळ्यांनी बघायचा तर डेलावेअरमध्ये, विल्मिंग्टनजवळच्या ब्रँडीवाइन नदीकाठी यावं. पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएच्या हाताखाली दारूचं शास्त्र शिकलेला एल्युतेर इरेने द्यू पाँ १८०२ साली इथे आला आणि त्यानं गिरण्या उभ्या केल्या. त्या काळी अमेरिकेत मिळणारी दारू कमी दर्जाची होती. द्यू पाँनं कोळशासाठी विलोचं लाकूड वापरलं, शोरा पुन्हा पुन्हा शुद्ध केला.

[दृश्य: हॅगली संग्रहालय. ओतीव लोखंडाची दोन प्रचंड चाकं एका थाळ्यात फिरतात.]

त्याच गिरण्यांचं आता संग्रहालय झालं आहे. हीच ती दळणारी चाकं. माणसाहून उंच, टनावारी वजनाची. पाण्याच्या जोरावर सावकाश, तासन्‌तास फिरायची. खालचा कालवलेला माल दाबला जायचा, घासला जायचा, पुन्हा दाबला जायचा. शोरा कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरेपर्यंत. नुसतं मिसळून हे होत नाही. चाक थांबवायची घाई केली की दारू मंद आणि काजळी जास्त. त्या वेळी जे खरं होतं, तेच आजच्या डब्यालाही लागू आहे.

गिरणीच्या भिंती बघा. तीन बाजूंना जाड दगड, चौथी बाजू नदीकडे, मुद्दाम हलकी. स्फोट झालाच तर तो पाण्याकडे निघून जावा म्हणून. कामगारांच्या बुटांना लोखंडी खिळे नसायचे, लाकडी खुंट्या असायच्या. १९२१ साली गिरण्या बंद होईपर्यंत दोनशेहून अधिक माणसं इथे गेली.

[दृश्य: जुनं चित्र. शोऱ्याची माती खरवडणारे लोक.]

आणि शोरा यायचा आपल्याकडून. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक जुन्या वस्त्यांच्या भिंतींकडेची खारवट माती खरवडायचे, पाण्यात मुरवायचे, उकळून स्फटिक काढायचे. तो माल कलकत्त्याहून लंडनला जायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटल्यावर इरेनेचा नातू लॅमॉट द्यू पाँ लंडनला गेला आणि मिळेल तितका हिंदुस्थानी शोरा विकत घेत सुटला. तेवढ्यात अमेरिकेच्या आरमारानं ट्रेंट या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील पकडून नेले, ब्रिटननं निर्यात रोखली, आणि ते प्रकरण मिटल्यावरच माल सुटला. बिहारच्या मातीसाठी दोन देशांचे मंत्री तोलूनमापून बोलत होते!

[दृश्य: पुन्हा टेबल. हात गोएक्सचा डबा फिरवतो.]

द्यू पाँ कंपनीचा वारसा पुढे याच डब्यात आला. पेनसिल्व्हेनियात मूझिक इथला त्यांचा दारूचा कारखाना १९७०च्या दशकात गिअरहार्ट-ओवेन कंपनीकडे गेला, तिथून गोएक्स हे नाव. पुढे कारखाना लुइझियानातल्या मिंडेनला हलला, २००९मध्ये हॉजडन या दारूच्या कंपनीकडे आला. २०२१च्या सप्टेंबरमध्ये हॉजडननं तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. डबे दुकानांतून दिसेनासे झाले.

[दृश्य: लहान मॉडेल रॉकेट आकाशात जातं.]

हा कारखाना वाचवला रॉकेटवाल्यांनी. शाळकरी मुलं उडवतात त्या एस्टेस कंपनीच्या छोट्या रॉकेटांच्या इंजिनात हीच काळी दारू असते. दारूच नसेल तर रॉकेट कसलं? २०२२मध्ये एस्टेसनं गोएक्स विकत घेतली.

[दृश्य: चकमकीची रायफल. रंजक भुर्रकन उडते, बार होत नाही. मग दुसरा प्रयत्न, मोठा आवाज.]

काळ्या दारूऐवजी वापरायच्या पर्यायी भुकट्याही बाजारात आहेत. साठवायला आणि पाठवायला सोप्या, म्हणून दुकानदार त्याच पुढे करतात. पण त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते. केपाच्या, म्हणजे चकमकीऐवजी स्फोटक टोपीनं पेटणाऱ्या, बंदुकीत चालून जातं. चकमकीच्या बंदुकीत आत्ता पाहिलंत तसं होतं, नुसती रंजक उडते. चकमकीला खरी काळी दारूच हवी.

[दृश्य: निशाणाचा कागद काढला जातो. भोकांवरून बोट फिरतं.]

मग डबा कुठला घ्यायचा? दिवसभर बारामागून बार टाकायचे, मधे नळी पुसायला सवड नसेल, तर स्विस. जास्त किंमत काजळीतून वसूल होते. प्रत्येक बारानंतर ओली चिंधी फिरवायची शिस्त असेल, तर गोएक्स तितकीच नेमकी लागते. शुएत्सेन सरावासाठी उत्तम, खिशालाही बरी. आणि दारू कुठलीही असो, घरी गेल्यावर नळी त्याच संध्याकाळी गरम पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, तेल लावायचं. या काजळीला पाणी ओढायची सवय असते, आणि नळी तशीच ठेवली तर सकाळी आट्यांत तांबेरा दिसतो.