सुरूच्या सुया आणि एक वाणी किडा

नमस्कार मंडळी.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या श्रोत्यांना चिऱ्याची खाण म्हणजे काय ते सांगायला नको. जांभा कापून गाड्या भरून गेला की मागे सरळसोट कडांचा चौकोनी खड्डा उरतो. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, आणि घरोघरच्या आया पोरांना दम भरतात, "तिकडे फिरकलास तर बघ!" खाण संपली की जागाही संपली, असाच आपला हिशेब. माझाही तोच होता. मग केनियात, मोम्बासाजवळच्या बांबुरीला जाणं झालं, आणि अशाच एका संपलेल्या खाणीत मी अर्धा दिवस सावलीसावलीने हिंडले. त्या जागेचं नाव हॅलर पार्क.

तिथला दगड जांभा नाही. तो किनाराच जुन्या पोवळ्यांचा, म्हणजे चुनखडीचा. म्हणून १९५४ साली तिथे सिमेंट निघू लागलं. यंत्रांनी खडक खरवडत खरवडत खाण पार मचूळ पाण्यापर्यंत खाली नेली. वर मूठभर माती उरली नाही. नुसता पांढरा खडक, आणि त्यावरून उलटून अंगावर येणारं विषुववृत्ताजवळचं ऊन.

रेने हॅलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे शेतीतज्ज्ञ. १९५९ साली ते या सिमेंट कंपनीत आले आणि १९७१ साली त्यांनी त्या उजाड खाणीत झाडं लावायला घेतली. एकूण २६ जातींची रोपं लावून पाहिली. तग धरला तो तिघांनी. एक नारळ, दुसरा कोनोकार्पस, आणि तिसरा, ओळखलात ना? आपला सुरू!

आता सुरू आपला म्हणायचा तो सवयीने. तो आपल्याकडेही बाहेरूनच आलाय आणि केनियातही पाहुणाच. पण हा पाहुणा येताना शिधा घेऊन येतो. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात तशा त्याच्याही मुळांवर असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. खारं वारं, खारट पाणी त्याला चालतं. तेव्हा खडकाच्या खोबणीत सुरू वाढला, भराभरा वाढला, आणि खाण हिरवी दिसायला लागली.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज बोलायला बसले नसते. आपण सुरूच्या बनात गेलो की पायाखाली काय लागतं? वाळलेल्या सुयांची गादी. त्या सुयांत टॅनिन असतं, चहाला तुरटपणा आणतं ते. त्यामुळे त्या लवकर कुजत नाहीत. खाणीतही तेच झालं. झाडं उभी, खाली सुयांचा थर, आणि माती मात्र तयार व्हायला तयार नाही! माती नाही तर दुसरं झाड कशात रुजणार? नुसत्या हिरव्या रंगाला काही रान म्हणत नाहीत.

मग हॅलरना एक वाणी किडा दिसला. पावसाळ्यात न्हाणीघरात येतो, काडी लावली की वेटोळं करून नाण्यासारखा पडतो, म्हणून कुणी त्याला पैसाही म्हणतात. तिथला वाणी मात्र चांगला वीतभर लांब, लाल पायांचा. तो त्या सुया निवांत खात होता. हॅलरनी असे शेकडो वाणी गोळा करवून खाणीत सोडले. त्यांनी सुया खाल्ल्या, त्यांच्या विष्ठेची माती होत गेली, त्या मातीत इतर झाडं आली. कोटीकोटींच्या योजना ऐकायची सवय झालेल्या आपल्या कानांना हे जरा गमतीचं वाटेल.

आज तिथे जिराफ आहेत, पाणघोडे आहेत, मगरी आहेत, तळ्यांत मासे आहेत. जिराफाला हातानं खाऊ घालायला एक उंच ओटा केलाय, तिथे गर्दी. मला तो भाग थोडा सर्कशीसारखा वाटला, खरं सांगते. अजस्र कासवं मात्र बघत राहावी अशी. २००४ च्या डिसेंबरात, त्सुनामीच्या वेळी, मालिंदीच्या किनाऱ्यावर अडकलेलं पाणघोड्याचं एक पोरकं पिल्लू इथे आणलं होतं. ते इथल्या सव्वाशे वर्षांच्या पुढच्या एका कासवाला जे बिलगलं ते सोडेचना! पिल्लाचं नाव ओवेन, कासवाचं म्झे. स्वाहिलीत म्झे म्हणजे म्हातारबुवा. बुवांनी आधी फिस्कारून बघितलं, मग निमूट सोसलं. जगभर त्या दोघांचे फोटो छापून आले.

वाण्याचा फोटो कुणी छापत नाही. मी वाटाड्याला म्हटलं, "मला तो दाखवा." तो हसला. म्हणाला, "जोंगो? जिराफ सोडून?" मग वाकून त्याने सुया बाजूला केल्या. वर तपकिरी सुया, त्याखाली भुगा, त्याखाली काळी ओलसर माती. मी बोट खुपसलं. दुसऱ्या पेराशी नख खडकाला लागलं. इतकीच माती, पण तिच्यावर डोक्यावरचं सगळं रान उभं.

परत आल्यावर पहिल्या पावसात दापोलीकडच्या एका सुरूबनात गेले आणि काडीने थर उकरून पाहिला. दोन पैसे निघाले. ते सुरूच्या सुया खातात की नाही, हे बघायला उकिडवी बसून राहिले. पण काडीचा धक्का लागला होता ना, दोघंही वेटोळं करून जे पडले ते मी उठेपर्यंत काही उलगडले नाहीत.