रतामाच्या झुडपाखालची भाकर

प्रभूच्या नावात सलाम, मायबहिणींनो. बाळाचा आत्ताच कुठे डोळा लागला असेल, तर रेडिओचा आवाज थोडा कमी करा. आम्हीही हळूच बोलतो.

आज एलिया संदेष्ट्याविषयी बोलायचं आहे. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर जिंकलेल्या नव्हे, त्यानंतर मोडून पडलेल्या एलियाविषयी. बायबलातलं पहिले राजे हे पुस्तक, अध्याय 19. ईजबेल राणीची धमकी आली तसा तो बैरशेब्यापर्यंत पळाला, चाकराला तिथंच सोडलं आणि एकटाच रानात दिवसभराची मजल चालत गेला. रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे. रात्री तीन वाजता, तान्ह्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या बाईला हे दोन शब्द कुणी समजावून सांगायला नकोत.

यावर देवाने काय केलं, तेही कोणत्या क्रमाने, ते नीट पाहा. आधी त्याला झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला, पुन्हा आडवा झाला. पुन्हा उठवलं, पुन्हा भाकर. त्या अन्नाच्या बळावर 40 दिवस चालून तो देवाच्या डोंगराला, होरेबला पोचला, आणि जे बोलायचं ते देव तिथं बोलला. आपल्या मंडळीत मात्र थकलेल्या बाईला पहिला सल्ला मिळतो तो प्रार्थना वाढवण्याचा!

म्हणून आधी झोप. तान्हं बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं, त्यामुळे आईची झोप दोन-दोन तासांच्या तुकड्यांत जाते. तुकडे जोडून आठ तास भरले तरी अंग हलकं होत नाही, त्यासाठी सलग झोपच हवी. दूध नीट बसलं, म्हणजे साधारण दीड महिना झाला, की रात्रीचं एक पाजणं दुसऱ्याकडे द्या. संध्याकाळी हात स्वच्छ धुऊन, उकळलेल्या वाटीत दूध काढा, झाकण लावून फ्रिजमध्ये आत ठेवा, दारात नको. फ्रिज नसेल तर चार तासांच्या आत वापरा, आणि वैशाख-उन्हात तेवढाही भरवसा धरू नका. दूध गॅसवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. साडेनऊला पाजून आईने झोपावं, बाराचं पाजणं बाळाच्या बाबांनी किंवा आजीने वाटी-चमच्याने द्यावं. छाती दाटून आली तर थोडं दूध काढून टाका, पण उठून भांडी आवरायला लागू नका. डाव फसतो तो तिथंच.

मग भाकर. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. जिना चढताना धाप लागते, खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते, माती किंवा बर्फ खावासा वाटतो. हा विश्वासातला कमीपणा नव्हे. हिमोग्लोबिन तपासा. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक लोहाची गोळी घ्यायची असते, सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. गोळी आणि चहा यांत निदान एक-दोन तास जाऊ द्या, चहाने लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून अनेकजणी गोळी सोडतात. तो रंग लोहाचाच असतो.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, किंवा स्वतःला वा बाळाला काही करावंसं वाटलं, तर तेव्हाच डॉक्टर गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो.

आता शास्त्रवाचन. पहाटे पाचला उठून तीन अध्याय वाचायचा नेम रात्र मोडलेल्या बाईकडून तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि थकव्यावर अपराधीपणाचं ओझं चढतं. स्तोत्र 131 घ्या. तीनच वचनं आहेत, त्यात आईपाशी शांत असलेलं, दूध तुटलेलं लेकरू आहे. कागदावर लिहून जिथं पाजायला बसता तिथल्या भिंतीला लावा. आठवडाभर तेवढंच पुरे.

एलियाने चाकर मागे ठेवला, हेही विसरू नका. दमलेलं माणूस आधी मदतीलाच दूर सारतं. महिला मंडळातल्या भगिनींनो, म्हणून तुमचं ते "काही लागलं तर सांग हं" कामाला येत नाही. काय लागेल याचा विचार करण्याचंही त्राण तिच्यात नसतं. मंगळवारी बाराच्या आत डबा आणते, शनिवारी दोन ते चार बाळ मी धरते, असं वार आणि वेळ ठरवून बोला. रफीदीमातल्या लढाईत मोशेचे वर उचललेले हात थकले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला आधी बसायला धोंडा दिला, मग दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरले.

याकोबाची गोष्टही आहे, उत्पत्ती 33 मध्ये. त्याचा भाऊ एसाव म्हणाला, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, मुलं कोवळी आहेत, मेंढरं-गुरं पाजती आहेत, एक दिवस जरी दामटलं तरी सारा कळप मरेल. मी त्यांच्या चालीने हळूहळू येतो. नगरकडचे धनगरही ताज्या व्यालेल्या मेंढीला कळपाबरोबर दामटत नाहीत. यशया 40:11 मध्ये देव याच मेंढपाळासारखा आहे: कोकरं उराशी, आणि पाजणाऱ्यांना सांभाळून नेणारा. तेव्हा शेजारणीचं घर लख्ख आणि आपल्या खुर्चीवर घड्या न केलेल्या कपड्यांचा ढीग असला, तर तो ढीग उद्यापर्यंत थांबेल.

यानंतर भजनांचा कार्यक्रम आहे, सुंदर आहे. पण बाळ अजून झोपलेलं असेल, तर तो ऐकू नका. रेडिओ बंद करा आणि आडव्या व्हा.