हॉपचं पहिलं वर्ष मुळांचं

नमस्कार. समोर निम्मी मंडळी द्राक्षवाली दिसतात, म्हणून माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो. हॉप म्हणजे जिच्या फुलांनी बिअरला कडवटपणा येतो ती वेल. गच्चीवर तिची पहिली वेल लावली, तेव्हा मी ती द्राक्षासारखी सांभाळली. एकच काडी सरळ वर चढवली आणि खोड लवकर जाड व्हावं म्हणून बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब, रोज खुडल्या. मे महिन्यात वेल जी बसली ती उठलीच नाही. कुंडी रिकामी केली तर मुळं जेमतेम बोटभर.

द्राक्षाचं खोड आणि ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या, वर्षानुवर्षं टिकतात. हॉपची जमिनीवरची वेल मात्र दरवर्षी वाळून जाते, जगतो तो मातीतला गड्डा. पहिल्या वर्षी पानं जे अन्न तयार करतात ते या गड्ड्यात आणि मुळांत साठवायचं असतं. म्हणून पहिल्या वर्षी कात्री लांब ठेवा. जेवढे कोंब येतील तेवढे येऊ द्या. दोन-तीन जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढणं हे पुढच्या वर्षापासूनचं काम.

लागवड जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत करावी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात हॉपचा गड्डा कुजतो. माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत घालून उंच वाफा करा, नाहीतर मोठी कुंडी घ्या. गड्ड्याचा तुकडा दोन इंच खोल आडवा ठेवा, डोळे वर. मुळं अजून वरच्या थरातच असतात, त्यामुळे पाणी थोडं थोडं पण वरचेवर द्यायचं. एप्रिल-मेमध्ये उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. सकाळचं ऊन भरपूर मिळू द्या, दुपारी हिरवी शेडनेट ओढा.

वेलीला द्राक्षासारखे तणावे नसतात. खोडावरच्या खरखरीत केसांनी ती दोरी धरते आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळत जाते. काथ्याची दोरी उत्तम. उलट्या दिशेने गुंडाळलीत तर वेल दोरी सोडून देते.

रोगांची ओळख तुम्हाला मी काय करून देणार! भुरी आणि डाऊनी दोन्ही येतात, पण हॉपवरची डाऊनी द्राक्षावरच्या डाऊनीपेक्षा वेगळ्या बुरशीची. उन्हाळ्यात पानाच्या मागे लाल कोळी पाहत जा. पावसाळ्यात खालची पानं ओल्या मातीला टेकू देऊ नका.

आता फुलांबद्दल, कारण घरचे तेच विचारतात. हॉपला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. जगातली बहुतेक हॉपशेती 35 ते 55 अक्षांशांच्या पट्ट्यात आहे, आणि आपल्या देशातली हिमाचलमधल्या लाहौलमध्ये. नाशिक 20 अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, त्यामुळे वेल पुरेशी वाढण्याआधीच फुलावर येते आणि वाढ थांबते. दक्षिण आफ्रिकेत शेतकऱ्यांनी शेतात दिवे लावून दिवस लांबवले, पुढे लहान दिवसांना मानवणाऱ्या जातीही तयार केल्या. गच्चीवर संध्याकाळी दिवा लावून पाहायला हरकत नाही, पण पहिल्या वर्षी फुलांचा आग्रह धरू नका. मूठभर आली तरी कौतुकाने हुंगा. आणि घरात कुत्रा असेल तर ही फुलं त्याच्यापासून दूर ठेवा, कुत्र्यांना ती जिवावर बेततात.

एक कळकळीची विनंती. परदेशातून येताना बॅगेत हॉपचे गड्डे आणू नका. त्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा हा मुळांवर जगणारा किडा फ्रान्सला पोहोचला आणि तिथल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या. आपल्या जिल्ह्याने हे विसरू नये.

थंडीत पानं पिवळी पडतील. वेल पूर्ण वाळू द्या, मगच जमिनीपासून चार बोटांवर कापा. पुष्कळजण या वेळी कुंडी फेकून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कुंडी सावलीत न हलवता उघड्यावरच ठेवा, थंडी तिला हवीच आहे. माती फक्त ओलसर असू द्या. जानेवारीच्या शेवटी वरची माती बोटाने हळूच बाजूला करून पाहा, जांभळट कोंब दिसतील.