सुपाऱ्या, हळकुंडं आणि ३८ सेकंद

(मंडळाच्या मेळाव्यात जेवणानंतर केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर करून)

नमस्कार मंडळी. बासुंदीनंतर भाषण ठेवणं हा बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्यांचा, दोघांचाही छळ आहे. पण चहा झाला की मी तुम्हा सगळ्यांना नाचायला उभं करणार आहे, तेव्हा आधी कैफियत द्यायला हवी.

आमची लेक शनिवारी रात्री मैत्रिणींबरोबर काँट्रा डान्सला जाते, म्हणजे दोन लांब रांगांत जोडीजोडीने करायच्या लोकनाचाला. न्यू इंग्लंडात राहून आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिलाय? हात वर करा. सहा. मीही पाहिला नव्हता. एके दिवशी तिने व्हॉट्सॲपवर ३८ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलेलं, "आई, हा मेळाव्यात बसवू या."

मी विचारलं, नाव काय याचं? "माहीत नाही." बरं, करायचा कसा? "जो हात पुढे येईल तो धरायचा."

एवढ्या भांडवलावर नाच बसवायचा होता.

नाच जुना आहे. लंडनच्या जॉन प्लेफर्डने असे इंग्रजी नाच १६५१ साली पुस्तकात छापले. पुढे हा 'कंट्री डान्स' फ्रान्सला गेला, तिथे 'काँत्रदांस' झाला, आणि 'काँट्रा' ते तिथून आलं. अमेरिकेत तो टिकला तो मुख्यतः आपल्या या भागात. न्यू हॅम्पशरच्या राल्फ पेज यांनी विसाव्या शतकात तो नेटाने चालू ठेवला. इतिहास एवढा पुरे, माझा जीव त्या ३८ सेकंदांत अडकला होता.

काँट्रात एक कॉलर असतो. शर्टाची नव्हे, पुकारा करणारा. सगळ्यांना तालावर सवय झाली की तो हळूहळू गप्प होतो. माझ्या व्हिडिओत तो गप्पच होता, नुसती फिडल वाजत होती. मग मी फिडललाच धरलं. सुरावटीचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि प्रत्येक वेळी १६ मात्रा. एकूण ६४. नाचही बरोबर ६४ मात्रांचा, आणि त्यातली बहुतेक प्रत्येक हालचाल ८ किंवा १६ मात्रांची. लेझीम खेळलेल्यांना हे सांगायलाच नको. सेकंदाला साधारण दोन मात्रा, म्हणजे एक आवर्तन ३२ सेकंदांत संपतं. माझ्याकडे एक अख्खं आवर्तन होतं आणि वर सहा सेकंद.

जेवणाच्या टेबलावर पूजेचं तबक घेतलं. नाचात चार जणांचा गट असतो, दोन जोड्या. आपला तो जोडीदार, दुसऱ्या जोडीतला तो शेजारी. डावीकडचा तो लार्क, उजवीकडची ती रॉबिन. स्त्री-पुरुष असंच हवं असं नाही, म्हणून हल्ली बऱ्याच हॉलमध्ये ही पक्ष्यांची नावं घेतात. मी लार्कच्या जागी सुपाऱ्या ठेवल्या, रॉबिनच्या जागी हळकुंडं. बँडच्या बाजूची ती पहिली जोडी, तिला कुंकू लावलं. अहोंनी विचारलं, आज काय आहे? म्हटलं, सत्यनारायण नाही, जा.

पहिली चूक लगेच झाली. व्हिडिओच्या सुरुवातीला सगळे आपापल्या जोडीदाराला धरून गरगर फिरतात, त्याला स्विंग म्हणतात. मी तीच नाचाची सुरुवात धरली. सुरावटीशी काही केल्या जुळेना. दोन संध्याकाळी गेल्यावर उजेड पडला की लेकीने फोन उशिरा काढला होता. आवर्तन सुरू होतं ते लोक नव्या शेजाऱ्यासमोर येतात तिथे, आणि फिडलही नेमकी तिथेच पहिल्या भागावर परत येते.

मग साखळी लागली. शेजाऱ्याबरोबर झोका आणि स्विंग, १६ मात्रा. चौघांचं कडं डावीकडे पाऊण फिरतं, ८. जोडीदाराबरोबर स्विंग, ८. पुढच्या १६ मात्रा अंधार. कारण बरोबर त्याच वेळी पाण्याची बाटली घेतलेले एक उंच गृहस्थ कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले! ते हलले तेव्हा चौघांचे उजवे हात मध्ये, मग डावे हात, म्हणजे दोन स्टार, आणि पुन्हा नवा शेजारी.

त्या १६ मात्रांतल्या पहिल्या आठ शेवटच्या दोन सेकंदांनी दिल्या. व्हिडिओ संपता संपता तीच जागा पुन्हा येते, आणि दोन्ही लांब रांगा हात धरून चार पावलं पुढे येतात. पुढे आले म्हणजे चार पावलं मागे जाणारच. उरल्या आठ. तेवढ्यात शेजारी पुन्हा शेजाऱ्याजवळ यायला हवा होता.

मी सुपाऱ्यांची अदलाबदल केली. शेजारी शेजाऱ्याजवळ आला, छान. दोन्ही स्टार फिरवले. बघते तर कुंकवाची जोडी जिथून निघाली तिथेच, बँडच्या बाजूला! शाळेत आम्ही गोफ विणायचो. विणताना जसं गेलं तसंच उलटं यायचं, आणि शेवटी ज्याने त्याने आपापल्या जागी असायचं. नाहीतर गाठ पडायची आणि बाईंचा धपाटा. त्यामुळे मी क्षणभर खूश झाले, बरोबर जमलं म्हणून. पण काँट्रात मूळ जागी आलात तर चुकलात. प्रत्येक आवर्तनाला जोडी एक घर सरकली पाहिजे, नाहीतर रात्रभर त्याच शेजाऱ्याशी नाचाल.

सुपाऱ्या परत ठेवल्या, हळकुंडं बदलली. दोन स्टार. कुंकवाची जोडी एक घर खाली! रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात टाळी वाजवली.

रॉबिन जागा कशा बदलतात, याचे मात्र दोन रस्ते होते. एकमेकींच्या उजव्या हाताने दीड फेरा घ्यायचा, किंवा 'चेन': उजवा हात देऊन पलीकडे जायचं आणि तिथला लार्क डावा हात धरून, पाठीमागे उजवा हात ठेवून वळवून घेतो. दोन्ही आठच मात्रा, तबकात दोन्ही सारखेच. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. बाटलीवाले हलतात त्या क्षणी कोपऱ्यातल्या एका लार्कचा उजवा हात रॉबिनच्या पाठीमागून निघतोय. चेन.

नाव अजून मिळालेलं नाही. कॉलर मंडळी प्रत्येक नाच छोट्या कार्डावर लिहून ठेवतात, नाचाच्या नावाबरोबर रचणाऱ्याचंही. माझ्या कार्डावर त्या दोन जागा कोऱ्या आहेत. पुढेमागे कुणाला कळलं तर मला जरूर सांगा, लिहून टाकीन.

आता चहा घ्या. खुर्च्या भिंतीला लावायला चार-पाच जण लागतील. रांगेच्या टोकाला पोहोचाल तेव्हा घाबरू नका, एक आवर्तन थांबायचं, जोडीदाराशी जागा बदलायची आणि उलट्या दिशेने परत शिरायचं. आणि साडीवाल्यांनो, निऱ्यांना दोन पिना जास्त लावा. स्विंगमध्ये सुटतात. आमच्या दिवाणखान्यात तालीम करताना माझ्या सुटल्या आहेत.